लाल बावटा कलापथकाचा वारसा

शाहीर म्हटला की मराठी मनापुढे प्रथम उभी राहते ती पेशवाईच्या उत्तरकाळातील मूर्ती. राम जोशी, होनाजी बाळा, अनंतफंदी, प्रभाकर ही नावे शाळेच्या पुस्तकापासून कानावर असतात. दरबारची बिदागी, सरदारांचे वाडे, पराक्रमाचे पवाडे आणि शृंगाराच्या लावण्या असा त्या शाहिरीचा संसार होता. हे चित्र खोटे नव्हे, पण अपुरे आहे. विसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात मुंबईच्या गिरणगावात एक निराळाच शाहीर उभा राहिला. त्याला दरबार नव्हता. त्याचा श्रोता पाळी संपवून आलेला, अंगावर कापसाचे तंतू घेऊन मैदानात बसलेला गिरणी-कामगार होता, आणि त्याची बिदागी म्हणजे सभेच्या शेवटी फिरणाऱ्या झोळीत पडणारी चिल्लर. या शाहिरीचे जे सर्वांत गाजलेले पथक, त्याचे नाव लाल बावटा कलापथक.

हे पथक १९४४ साली स्थापन झाले. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर हे त्याचे तीन आधारस्तंभ. तिघेही कम्युनिस्ट पक्षाच्या चळवळीत वाढलेले. परंतु पक्ष एक असला तरी माणसे एका साच्याची नव्हती. अण्णाभाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाळवे तालुक्यातील वाटेगावी, मांगवाड्यात झाला. शाळेशी त्यांचा संबंध दीड दिवसाचा. लहानपणीच वडिलांबरोबर पायी चालत ते मुंबईस आले. कोळसे वेचणे, फेरी करणे, गिरणीत झाडूवाला होणे, अशी पोटाची सारी विद्यापीठे त्यांनी पाहिली. माटुंग्याच्या लेबर कँपात राहत असताना त्यांनी रचलेला पहिला पवाडा कोणा वीरपुरुषावर नव्हता, तो वस्तीला छळणाऱ्या मच्छरांवर होता. ही गोष्ट गमतीची वाटेल, पण त्यांच्या पुढील साऱ्या रचनेची दिशा तीत दिसते. ज्याचा त्रास रोज होतो तोच पवाड्याचा विषय.

अमर शेख हे बार्शीचे. त्यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल आणि जन्म २० ऑक्टोबर १९१६ चा. मोटारीवर क्लीनर, गिरणीत कामगार आणि काही काळ कोल्हापुरास चित्रपटसृष्टीच्या आसऱ्याला, असा त्यांचाही प्रवास झाला. त्यांचा आवाज पहाडी होता, आणि दहा-वीस हजारांच्या सभेत ध्वनिक्षेपक बंद पडला तर इतर वक्ते खाली बसत, अमर शेख मात्र गात राहू शकत. गवाणकरांकडे रचना होती, आवाज होता आणि पथक बांधून ठेवण्याची चिकाटी होती. या तिघांतले गवाणकरांचे नाव बहुधा शेवटी उच्चारले जाते, आणि पुष्कळदा उच्चारलेच जात नाही. पथकाचा इतिहास दोन तेजस्वी व्यक्तींचा इतिहास म्हणून सांगणे सोयीचे असते, म्हणून असे होते. पण फडाचे काम एकट्या-दुकट्याच्या तेजावर चालत नाही.

या पथकाने नवे काय केले ते समजण्यास तमाशाची जुनी बांधणी ध्यानात घ्यावी लागते. परंपरागत तमाशात आधी गण, मग गवळण, मग बतावणी आणि शेवटी वग असा क्रम असे. गणात गणपतीचे आवाहन, गवळणीत मथुरेच्या वाटेवर कृष्ण, पेंद्या, मावशी आणि गौळणी यांची छेडछाड, बतावणीत सोंगाड्याचे विनोदी संभाषण, वगात कथा. अण्णाभाऊंनी या घराच्या भिंती पाडल्या नाहीत, आतले सामान मात्र बदलले. गणातून गणपतीच्या जागी मायभूमीस, शिवछत्रपतींस आणि श्रमणाऱ्या माणसांस वंदन होऊ लागले. गवळण त्यांनी काढून टाकली. बतावणीत सोंगाड्याच्या जागी शेतकरी आला, त्याच्यासमोर सावकार आला, निवडणुकीस उभा राहिलेला शेठ आला. ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘शेटजींचे इलेक्शन’ ही त्यांच्या वगनाट्यांची नावेच पुरेशी बोलकी आहेत. डफ, तुणतुणे, ढोलकी, झांज ही वाद्ये तीच राहिली. मुख्य गायकाच्या ओळीला सूर देणारे झीलकरी तेच राहिले. त्यामुळे कोकणातून, घाटावरून, सातारा-सांगलीकडून आलेल्या कामगाराला ही कला परकी वाटली नाही. गावच्या जत्रेत ऐकलेलाच ठेका, त्यावर आता त्याच्याच खोलीभाड्याचा आणि पगाराचा हिशेब मांडला जात होता.

विषय मात्र गिरणगावापुरते नव्हते. अण्णाभाऊंनी स्पेनच्या यादवीवर पवाडा रचला, स्टालिनग्राडच्या लढाईवर रचला, १९४३ च्या बंगालच्या दुष्काळावर रचला. १९४३ च्याच मे महिन्यात मुंबईत ‘इप्टा’ या लोकनाट्य-संघाची स्थापना झाली होती, आणि दुष्काळनिधीसाठी देशभर कार्यक्रम होत होते. त्या वातावरणाशी कलापथकाचे नाते जवळचे होते. ज्याला स्वतःच्या जिल्ह्याचा नकाशा दाखवता आला नसता त्या माणसाला व्होल्गेच्या काठची लढाई डफावर समजावून सांगणे हे लहान काम नव्हे. त्यात प्रचाराचा भाग होता हे नाकारण्यात अर्थ नाही. रशियात जे घडत होते त्याचे एकच अंग या पवाड्यांत आले, दुसऱ्या अंगाचा मागमूस त्यांत सापडत नाही. पण प्रचार पुष्कळांनी केला आणि त्यातले फारच थोडे लोकांच्या ओठी राहिले. हे राहिले, याचे कारण कलेत शोधावे लागते.

१९४६ पासून मुंबई प्रांताच्या गृहखात्याची सूत्रे मोरारजी देसाई यांच्याकडे होती. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत तमाशावर अश्लीलतेच्या कारणाने निर्बंध आले, आणि लाल बावटा कलापथकावर राजकीय कारणाने बंदी आली. १९४८ साली कलकत्त्याच्या अधिवेशनात कम्युनिस्ट पक्षाने नव्या राजवटीशी उघड झगड्याची भूमिका घेतली होती, तेव्हा सरकारलाही निमित्त शोधण्याची गरज पडली नाही. येथे एक कायदेशीर बाब लक्षात घेण्याजोगी आहे. रंगमंचावरील राजद्रोहाला आळा घालण्यासाठी ब्रिटिशांनी १८७६ साली नाट्यप्रयोग कायदा केला होता; परकी सत्ता गेली तरी तो कायदा गेला नाही. पुढे १९५४ साली प्रयोगाआधी संहिता तपासणारे मंडळही आले. संहिता तपासून परवाना देण्याची पद्धत कागदावर ठीक दिसते. परंतु लोकनाट्याचा प्राण असतो बतावणीत, आणि बतावणी ही बहुतांशी त्या रात्री, त्या श्रोत्यांपुढे, आयत्या वेळी जन्मते. फाइलीत बसेल अशी ती वस्तूच नव्हे. अधिकारी कितीही कसोशीने वाचो, त्याच्या हाती पडतो तो सापळा.

बंदीचा एक परिणाम मात्र बंदी घालणाऱ्यांच्या ध्यानीमनी नव्हता. ‘तमाशा’ हे नावच अडचणीचे झाल्यावर अण्णाभाऊंनी आपल्या प्रयोगांना ‘लोकनाट्य’ म्हणण्यास आरंभ केला. नाव बदलले, आणि नावाबरोबर प्रेक्षकही बदलला. जो मध्यमवर्ग तमाशाच्या कनातीकडे मान वळवून पाहत नव्हता, तो लोकनाट्याला तिकीट काढून जाऊ लागला. पुढील काळात मराठी रंगभूमीवर लोकनाट्याने जी प्रतिष्ठा मिळविली तिचा उगम शोधू गेल्यास वाट अशी बंदीहुकुमाजवळ येऊन पोचते.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या शाहिरांचा आवाज साऱ्या मराठी मुलखाचा झाला. राज्यपुनर्रचना आयोगाचा अहवाल १९५५ च्या ऑक्टोबरात प्रसिद्ध झाला. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला. १९५६ च्या फेब्रुवारीत संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. या काळातील अण्णाभाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड लावणीच्या अंगाने सुरू होते. पोटासाठी मुंबईस आलेला एक गडी गावाकडे राहिलेल्या आपल्या प्रियेची आठवण काढतो. तिचे रूप, तिची चाल, निरोप घेतानाची तिची अवस्था हे सारे अगदी जुन्या वळणाने येते, आणि ऐकणारा त्या विरहात पुरता गुंतल्यावर उमगते की मैना म्हणजे महाराष्ट्रापासून तुटलेले बेळगाव, कारवार, निपाणी, डांग, उंबरगाव. सीमाप्रश्नावर ग्रंथ झाले, निवेदने झाली, आयोग बसले. पण ज्याला त्यातले एकही अक्षर वाचता येत नव्हते त्याला तो प्रश्न या एका गीताने समजला. रचना अण्णाभाऊंची, आणि सभांमधून ती लोकांच्या कानी पोचली अमर शेखांच्या आवाजात. एकाची लेखणी आणि दुसऱ्याचा गळा असा हा व्यवहार असल्याने कोणते गाणे कोणाचे याविषयी आजही घोटाळा होतो.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. बेळगाव, कारवार, निपाणी बाहेरच राहिली. ज्या मागणीने सर्वांना एकत्र बांधले होते ती बहुतांशी पुरी झाल्यावर समितीही विस्कटली आणि कलापथकातील माणसांच्या वाटाही अलग झाल्या. अण्णाभाऊ कथा-कादंबरीकडे अधिकाधिक वळले होते. १९५९ साली प्रसिद्ध झालेली ‘फकिरा’ त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या लेखणीस अर्पण केली, आणि १९६१ साली राज्य सरकारने तिला पारितोषिक दिले. ज्या शाहिराच्या प्रयोगांवर एका सरकारने बंदी घातली होती त्याला दहा-बारा वर्षांच्या आत दुसऱ्याने गौरवावे, यात विसंगती दिसते; पण सरकार ही एकजिनसी वस्तू नसते. १९६१ सालीच ते रशियास जाऊन आले. तीसहून अधिक कादंबऱ्या, त्यांवरचे चित्रपट, परदेशी भाषांत भाषांतरे, आणि राहणे घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीत. १८ जुलै १९६९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर बरोबर सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्ट रोजी, इंदापूरजवळ मोटार अपघातात अमर शेख गेले. एकाच पावसाळ्यात मराठी शाहिरीचे दोन सूर थांबले.

वारसा म्हटला की वाटणी आली, आणि वाटणी आली की भांडण आले. हा अनुभव केवळ मराठी शाहिरांचा नव्हे. अमेरिकेत १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ‘हार्डकोर पंक’ या नावाने ओळखले जाणारे संगीत निघाले: मिनिट-दोन मिनिटांची, अतिवेगवान, कर्कश, सत्ताधाऱ्यांची नावे घेऊन टोचणारी गाणी. सॅन फ्रान्सिस्को येथे १९७८ साली स्थापन झालेले ‘डेड केनेडीज’ हे त्यातील आद्य पथकांपैकी एक. मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या दारी न जाता त्यांनी आपली तबकडी-संस्था काढली; त्यांचा गायक जेलो बियाफ्रा १९७९ साली महापौरपदाच्या निवडणुकीस उभा राहिला. १९८६ साली एका तबकडीसोबतच्या चित्रावरून अश्लीलतेचा खटला भरला गेला. १९८७ साली ज्यूरीचे एकमत न झाल्याने तो निकालात निघाला; परंतु तोवर पथक मोडले होते. पुढे १९९८ पासून मानधनाच्या हिशेबावरून माजी सहकारी एकमेकांविरुद्ध न्यायालयात उभे राहिले, आणि २००० साली ज्यूरीने गायकाविरुद्ध कौल दिला. गिरणगावाचा आणि कॅलिफोर्नियाचा परस्परांशी काहीएक संबंध नाही, आणि पंकच्या गोंगाटात डफाची थाप ऐकण्याचा अट्टहासही करू नये. साम्य आहे ते निराळ्या जागी. दोन्हीकडे राजकीय गाण्याला आवरण्यासाठी अश्लीलतेचा कायदा हाताशी आला, आणि दोन्हीकडे सर्वांच्या मालकीचे वाटणारे गाणे गाणारे विखुरल्यावर नेमके कोणाचे, हा प्रश्न उरला.

मराठीतील वाटणी पैशाची नव्हती. तसा पैसा कधी नव्हताच. ती रंगांची होती. अण्णाभाऊ लाल बावट्याचे की निळ्या निशाणाचे, हा वाद त्यांच्या पश्चात वाढत गेला. १९५८ साली मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे त्यांनी उद्घाटन केले होते, बाबासाहेबांवर गीत रचले होते, आणि तरीही ते मार्क्सवादी होते. त्यांना स्वतःला या दोन्हींत विरोध जाणवला नसावा. तो जाणवला अनुयायांना. मातंग समाजाने त्यांना आपला मानबिंदू मानले. १९८५ साली राज्य सरकारने त्यांच्या नावे विकास महामंडळ काढले, २००२ साली टपाल तिकीट निघाले, आणि २०२२ च्या सप्टेंबरात मॉस्कोच्या एका ग्रंथालयात त्यांचा पुतळा बसविण्यात आला. अमर शेखांचा वारसा दुसऱ्या वाटेने गेला. त्यांची कन्या मलिका यांचा विवाह कवी नामदेव ढसाळ यांच्याशी झाला, आणि ढसाळ हे १९७२ साली स्थापन झालेल्या दलित पँथरचे एक संस्थापक. ती संघटनाही दोन वर्षांच्या आत फुटली. फुटीच्या मुळाशी पुन्हा मार्क्स आणि आंबेडकर हाच वाद होता. त्या वादळी संसारावर मलिका अमर शेख यांनी ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ हे आत्मकथन लिहिले. चळवळीच्या व्यासपीठामागचे घर कसे असते हे ज्यांना जाणून घ्यावयाचे असेल त्यांनी ते अवश्य वाचावे. व्यासपीठावरच्या गाण्यांत ते घर आढळत नाही.

घाटकोपर हे उपनगर या कथेत पुन्हा एकदा येते. ११ जुलै १९९७ रोजी तेथील रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाल्याचे आढळले. जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा माणसे मृत्यू पावली. चार दिवसांनी विलास घोगरे या शाहिराने आपले जीवन संपविले. ‘आव्हान नाट्य मंच’ या डाव्या पथकाचे ते गायक होते. मुंबईच्या झोपडपट्ट्यांवरील आनंद पटवर्धन यांच्या ‘हमारा शहर’ या चित्रपटात त्यांचे गाणे आहे. आयुष्य लाल बावट्याखाली गेलेल्या या गायकाच्या डोक्याला मृत्युसमयी निळे फडके होते. पटवर्धन यांनी त्यानंतर चौदा वर्षे चित्रण करून ‘जय भीम कॉम्रेड’ हा चित्रपट पुरा केला. त्याच्या शीर्षकातले दोन शब्द शेजारी-शेजारी बसतात, पण प्रत्यक्षात त्यांचा संसार सुखाचा झाला नाही, हेच तो चित्रपट दाखवितो.

२००२ साली पुण्यात निघालेल्या कबीर कला मंच या पथकाच्या कलावंतांवर २०११ पासून बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली खटले झाले. काहींना २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला, आणि २०२० साली भीमा-कोरेगाव प्रकरणात पुन्हा काहींना अटक झाली. आरोपांचा निर्णय न्यायालयाने करावयाचा. शासनाच्या दृष्टीने मात्र गाणे आजही किती गंभीर बाब आहे, हे यावरून कळते.

डफाच्या भूगोलाची हद्द महाराष्ट्रापाशी संपत नाही. भिलाईच्या पोलाद कारखान्याचा भारत-सोव्हिएत करार १९५५ च्या फेब्रुवारीत झाला, तेव्हा दुर्ग जिल्ह्याचा कारभार नागपुराहून चालत होता; राज्यपुनर्रचनेत १९५६ साली नागपूर इकडे आणि दुर्ग तिकडे गेले. १९५९ साली तेथील पहिली झोतभट्टी सुरू झाली. कारखान्याने देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे आणली, त्यांत मराठी कुटुंबेही आली. मुंबई-हावडा लोहमार्गावरील त्या नगराच्या एका वस्तीचे आणि स्थानकाचे नाव पावर हाउस. शंकर गुहा नियोगी यांनी दल्ली-राजहऱ्याच्या लोहखाणींत १९७७ साली कामगारांची जी संघटना बांधली, तिचे निशाण लाल आणि हिरवे: लाल कामगाराचे, हिरवे शेतकऱ्याचे. रंगांच्या भांडणावर शोधलेला हा एक तोडगाच म्हणावा. या संघटनेने इस्पितळ काढले, १८५७ च्या वीर नारायण सिंहाची विस्मृत आठवण गाणी-नाटकांतून जागी केली, आणि लोकांशी ती छत्तीसगढी बोलीत बोलली. १९९० पासून भिलाईच्या खाजगी कारखान्यांतील कंत्राटी कामगारांचा लढा सुरू झाला. २८ सप्टेंबर १९९१ रोजी पहाटे नियोगींची झोपेत गोळी घालून हत्या झाली. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रत्यक्ष गोळी झाडणाऱ्याला दोषी ठरविले, आणि कटाचा आरोप असलेल्या उद्योगपतींची सुटका कायम ठेवली. तत्पूर्वी १ जुलै १९९२ रोजी पावर हाउस स्थानकात रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला होता; डझनाहून अधिक कामगार मरण पावले, एका पोलीस अधिकाऱ्यालाही प्राण गमवावे लागले. नियोगींच्या पश्चात त्यांच्या संघटनेचेही तुकडे झाले.

गिरणगावाच्या जागी आता उंच इमारती आहेत. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, आणि शाहिराला झील देणारा श्रोताच विखुरला. कलापथकाची लोकनाट्ये छापील मिळतात, परंतु त्यांतल्या बतावण्यांचा मोठा भाग त्या त्या रात्रीबरोबर विरून गेला. ‘माझी मैना’ मात्र पुढे विठ्ठल उमपांसारख्या गायकांनी गायिली, आणि सीमाभागातील मेळाव्यांत ती अजूनही म्हटली जाते. पावर हाउसला दरवर्षी १ जुलैस कामगार जमतात. अण्णाभाऊंचे नाव त्यांतील फार थोड्यांना ठाऊक असेल; त्यांची गाणी त्यांच्या स्वतःच्या बोलीतली आहेत.